गोळ्यांचे हिस्से

लिव्हरची बीमारी म्हटलं की आमच्या आर्णीत लोक पहिले माणसाच्या तोंडाचा वास घेतात, मंग तब्येत विचारतात. माह्या नवऱ्यानं जन्मात दारूच्या थेंबाले हात लावला नाही, जुम्म्याची नमाज कधी चुकवली नाही, अन् त्याईलेच सोनोग्राफीवाल्या डॉक्टरनं सांगतलं, लिव्हरवर चरबी आहे. दुसऱ्याच दिवशी किराणा दुकानात शेजारीण मले कशी म्हणे, "फरहाना, लपवून पेत असतीन गं. माणसाईचं काय सांगता येते?" मी म्हटलं, "बाई, तुह्या घरी रोज पेऊन येते त्याचं लिव्हर ठणठणीत, अन् माह्या घरी चहा पेणाऱ्याचं खराब, हेच तं मी अल्लाले विचारून राह्यली. उत्तर आलं की पहिले तुलेच सांगीन." तेव्हापासून ती मले पाहून रस्ता बदलते. बदलू दे.

नवऱ्याचं नाव तारिक, पण गाव त्याईले मिस्त्री म्हणते अन् मीही मिस्त्रीच म्हणतो. स्टँडच्या मागं त्याईचं दुकान आहे. फवारणीचे पंप अन् मोटरसायकली दुरुस्त करतात. त्या साली कपाशीवर लाल्या आला होता, पानं लाल पडून झाडं उभ्याउभ्या वाळत होती. टीव्हीवाले यवतमाळात येऊन लोकाईले रडवून जात होते. शेतकरी कावल्यासारखे काहीबाही फवारून राह्यले होते, अन् जेवढी फवारणी तेवढे पंप बिघडत. मिस्त्री सकाळपासून स्टुलावर बसत ते दिवस मावळेपर्यंत. गिऱ्हाईक आलं की चहा, गेलं की चहा. चहा तरी कसा, नुसता साखरेचा पाक. पोट वाढलं तं मी म्हणो, चांगलं खातेपेते घर आहे. मले काय ठाऊक चरबी आत जाऊन बसून राह्यली म्हणून.

अन् हे एकटे नव्हते. भीमसिंगभाऊ यांचे शाळेपासूनचे दोस्त. गावापल्याड बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथले. त्याईचे बापजादे बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य वाहत, हे मॅटाडोरमध्ये कापूस वाहतात, एवढाच फरक. दिवसभर गाडीत बसणं, अन् संध्याकाळी आमच्या दुकानात येऊन दोघाईनं भजे खाणं. नागपूरच्या डॉक्टराईनं आर्णीत तपासणीचं शिबिर लावलं, तं दोघंही मजा म्हणून गेले अन् दोघाईलेही एकच बीमारी निघाली. मंग तं काय, गावाले पुरावाच भेटला. दोघं रोज संध्याकाळी शटर अर्धं ओढून बसतात, म्हणजे नक्कीच पेतात! भीमसिंगभाऊनं तं सेवालाल महाराजाच्या नावानं दारू वर्ज्य केलेली, पण तांड्याचा माणूस म्हटला की लोक मोहाच्या दारूवरच येतात. त्याईले फार लागलं ते. महिनाभर गावातून मान खाली घालून गाडी नेत.

नागपूरले दोघाईच्या सोबत मी गेली होती. डॉक्टर साहेब वयानं बारीकच, पण नीट बोलणारे. त्याईनं सांगतलं, ह्या बीमारीले दारू लागतच नाही. बसून काम, गोड, तेलकट, पोटाचा घेर, एवढ्यानंही होते. मग मिस्त्रीकडं पाहून म्हणाले, "तुमचं लिव्हर थोडं कडक व्हायला लागलंय. इथून माघारी येता येतं. अजून पुढं गेलं की मात्र येता येत नाही."

माह्या सासूचा भाऊ असाच गेला होता. पोट मडक्यावाणी फुगलं होतं अन् हातपाय काड्या झाले होते. मी नवी नवरी होती तेव्हा, त्याईच्या उशाशी पंखा हलवत बसली होती. तेच डोळ्यापुढं आलं. त्या दिवसापासून मले एकच गोष्ट पाह्यजे होती. माह्या मिस्त्रीनं माघारी यावं. दुसरं काही नाही.

तिथं एक संगीता मॅडम होत्या, आपल्या यवतमाळकडच्याच. नव्या औषधाचा अभ्यास चालू होता, त्याचं सगळं काम त्या पाहत. त्याईनं आमाले बसवून समजावलं. "लिव्हरमध्ये साठलेली चरबी आतल्या आत खराब होते, तेल खवट होतं ना तशी. त्यानं लिव्हर आतून भाजतं. आपल्या शरीराकडे ह्याचा स्वतःचा बंदोबस्त असतो, पण अशा माणसांत तो सुस्त पडतो. ही गोळी त्या बंदोबस्ताला जागं करते."

मिस्त्रीचे डोळे चमकले. "म्हणजे गंज काढायले बाहेरून रॉकेल नाही टाकायचं. आत झोपला आहे त्या मिस्त्रीलेच उठवायचं."

"अगदी तसंच," मॅडम हसल्या.

"मॅडम, घरच्या मिस्त्रीले उठवता उठवता माही सकाळ जाते," मी म्हटलं. "आतल्याले एका गोळीनं कसं उठवता ते मलेही शिकवा."

मंग मॅडमनं खरी गोष्ट सांगतली. अभ्यासात जेवढे लोक घेतले, त्यातल्या निम्म्याईच्या डबीत औषधाची गोळी, अन् निम्म्याईच्या डबीत दिसायले हुबेहूब तशीच, पण औषध नसलेली. कोणाले कोणती डबी हे कॉम्प्युटर ठरवणार. मॅडमले माहीत नाही, डॉक्टरले माहीत नाही. सगळं सीलबंद. लईच गरज पडली तरच उघडायचं. अन् गोळी आपली आपणच खायची, घरात कोणाले द्यायची नाही, हेही त्याईनं बजावलं.

मी म्हटलं, "हे काय बापा! आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते."

पण भीमसिंगभाऊ एकदम खूश झाले. "अहो भाभी, हे तं बकऱ्याचे हिस्से झाले! काही हरकत नाही. आमाले सवय आहे."

हे हिस्से काय ते सांगतो. सणावाराले तांड्यात दहा-बारा घरं मिळून एक बकरा घेतात. मिस्त्रीचे चाचा जाऊन हलाल करून देतात, म्हणून आमच्या घरचाही हिस्सा असते. कापून झालं की पळसाच्या पानाईवर वाटे मांडतात. एक जण पाठ करून बसते. दुसरा एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारते, "हा कोणाचा?" पाठ केलेला नाव घेते. ज्याच्या नावावर जो आला तो त्याचा. कोणी कुरकुर करत नाही. बापभाऊ भांडतीन, पण हिश्श्यावरून भांडण मी आजपर्यंत ऐकलं नाही.

तं अशा रीतीनं दोघाईनं सह्या ठोकल्या अन् आपापली डबी घेऊन आर्णीले आले.

दोन दिवस गेले नाही तं भीमसिंगभाऊची बायको जमनी आमच्या दारात. हातात नवऱ्याची डबी. जमनी बोलते कमी, पण बोलली की विषय संपते. खाली बसली, पाणी पेली अन् म्हणे, "फरहाना, तुमच्या घरची डबी आण."

"कायले?"

"हिस्सा चुकला आहे," ती म्हणे. "एका वाट्यात सगळी कलेजी अन् एका वाट्यात नुसतं हाडूक, असे हिस्से कोणत्या तांड्यात पडतात? मी जन्मात पाह्यले नाही. पाठ करून नाव घेणं बरोबर आहे. पण त्याच्या आधी कलेजीचा तुकडा सगळ्याईच्या पानावर पाह्यजे. त्या शहरातल्या लोकाईले वाटे घालता येत नाही, तं आपण नीट घालून घेऊ."

मले पहिले रागच आला. खोटं कायले बोलू? मनात म्हटलं, आमच्याच डबीत खरी असन तं? मी माह्या माणसाची अर्धी गोळी दुसऱ्याले काहून देऊ? मॅडमनं नाही म्हटलं ते निराळंच. पण मंग वाटलं, त्याईच्या डबीत खरी असन अन् आमच्या डबीत पीठ असन तं? मिस्त्री अन् भीमसिंगभाऊ तिथंच ओसरीवर बसले होते. मिस्त्री म्हणे, "भीमसिंग पेईन विहिरीवर अन् मी राहीन का कोरडा? का तो राहीन? आण ती डबी." भीमसिंगभाऊ नुसते मान हलवत होते. जमनीनं दोन्ही डब्या ताटात रिकाम्या केल्या, तांदूळ निवडतो तशा हातानं गोळ्या कालवल्या, अन् एक इकडं एक तिकडं असं करत दोन वाटे पाडले. तिच्या हिशोबानं आता कोणाचंच पान कलेजीवाचून नव्हतं. पुढं नवी डबी आली की हाच कार्यक्रम, कधी आमच्या घरी, कधी तांड्यात.

असे महिने गेले. नागपूरले जायचं, रक्त द्यायचं, नवी डबी घेऊन यायचं. सोयाबीन निघालं, कापसाची पहिली वेचणी आली. अन् एका वारीत डॉक्टर साहेबाईनं मिस्त्रीचा रिपोर्ट पाह्यला अन् त्याईचं तोंड खुललं. चरबी कमी झाली होती. लिव्हरचा कडकपणाही जरासा उतरला होता. मी तिथंच, दवाखान्याच्या बाकावर, पदर तोंडाले लावून रडली. मिस्त्री मले म्हणे, "अवो, आता कायले रडून राह्यली? बरं झालं तं रडते, बीमार होतो तं भांडत होती." घरी येऊन मी शेजारच्या पोट्ट्याईले खीर वाटली. मिस्त्रीले दिली नाही म्हणून त्याईनं तोंड वाकडं केलं, पण मनातून तेही खुलले होते. रस्त्यानं शीळ घालत जात. लग्नानंतर मी त्याईची शीळ ऐकली नव्हती.

भीमसिंगभाऊचा रिपोर्ट होता तसाच होता. ना वर ना खाली. ते म्हणाले, "माहं इंजिन जुनं आहे, वेळ लागीन."

मंग त्याईले खाज सुटली. रात्रंदिवस हातपाय खाजवत. लोक म्हणे, कापसाची कूस लागली असन. मंग भूक गेली. एक दिवस जिनिंगवर गाडी खाली करताना हमालानं त्याईचे डोळे पाह्यले अन् म्हणे, "दादा, तुमचे डोळे हळदीवाणी झाले." तसंच उचलून नागपूरले नेलं. जमनी सोबत होती. तिसऱ्या दिवशी मी गेली डबा घेऊन. मिस्त्रीले यायचं होतं, पण दुकानात पंपांचा ढीग पडला होता, अन् मले वाटलं मी जमनीजवळ राह्यलेली बरी.

मी पोहोचली तेव्हा डॉक्टर साहेब अन् संगीता मॅडम खाटेजवळ उभे होते. भीमसिंगभाऊचा चेहरा, डोळे, नखं, सगळं पिवळं. डॉक्टर म्हणत होते, "तुमच्या जिवासाठी आम्ही सील उघडून पाहिलं. तुमच्या डबीत औषध नव्हतं. म्हणजे ही कावीळ आमच्या गोळीनं झालेली नाही. पित्ताच्या नळीत काही अडकलंय का, ते उद्या आत दुर्बीण घालून बघावं लागेल. त्यात थोडा धोका असतो, पण इलाज नाही." मंग जरा वाकून त्याईनं विचारलं, "एकदा शेवटचं सांगा. जडीबुटी, दुसऱ्या कोणाची गोळी, काही घेतलं होतं?"

"नाही साहेब," भीमसिंगभाऊ म्हणाले. "माह्या डबीतलीच घेत होतो."

मी तोंड उघडलं, पण त्याईनं माह्याकडं पाह्यलं. नुसतं पाह्यलं. जमनी फरशीकडं पाहत बसली होती. मी तोंड मिटलं.

डॉक्टर गेल्यावर मी जमनीले हाताले धरून बाहेर आणलं. "हे काय चाललं आहे? आपण गोळ्या कालवल्या हे काहून सांगत नाहीत?"

जमनीच्या डोळ्याईतून नुसतं पाणी. "सेवालाल महाराजाची शपथ घालून मले बांधलं त्याईनं. म्हणे, आपल्या डबीत पीठ निघालं, म्हणजे तारिकच्या डबीत खरी असन. सांगतलं तं तारिकची गोळी बंद होईन. आत्ताच तं त्याले गुण येऊन राह्यला. दुर्बीण घालतीन तं घालू दे, म्हणे. मी मरत नाही."

मी व्हरांड्यातल्या बाकावर बसली. खरं सांगतो, मी लगेच उठली नाही. लोक सांगतात ना, मी क्षणाचाही विचार केला नाही, तशी मी नाही. मी चांगला विचार केला. माह्या डोळ्यापुढं मिस्त्री शीळ घालत दुकानात जात होते. गोळी बंद झाली तं पुन्हा तेच, कडक होत जाणारं लिव्हर, अन् मंग ते मडक्यावाणी पोट. अन् भीमसिंगभाऊ स्वतःच म्हणतात, सांगू नका. मंग मी कायले सांगू? कोणी मले दोष दिला असता? एक नर्स ट्रॉली घेऊन गेली. एक म्हातारा माह्या बाजूले बसून संत्रं सोलत होता, मलेही दोन फोडी दिल्या. मी खाल्ल्या. काय खाल्लं ते समजलं नाही.

मंग मले वाटलं, हा माणूस आत पिवळा पडून पडला आहे, कावीळ गोळीचीच असन, नळीत काही अडकलेलं नसन, अन् तरी तिथं दुर्बीण जाणार. डॉक्टर अंधारात हात घालणार, अन् उजेड माह्या पदरात बांधलेला. या अल्ला, माहा नवरा जगावा हे मी मागतलं होतं, पण असं नव्हतं मागतलं. मी उठली अन् डॉक्टरच्या खोलीत गेली. दार वाजवायचंही भान राह्यलं नाही.

"साहेब, त्याईनं आमची गोळी खाल्ली आहे," मी म्हटलं. "पहिल्या डबीपासून. दोन्ही घरच्या गोळ्या आम्ही एकत्र करून वाटून घेतल्या."

संगीता मॅडमच्या हातातला पेन खाली पडला. डॉक्टरनं फोन केला, माह्या नवऱ्याचंही सील उघडलं. आमच्या डबीत खरीच होती. त्याईनं लगेच दुर्बीण रद्द केली. "ह्या गोळीनं काही लोकांच्या लिव्हरला त्रास होऊ शकतो, हे आम्हाला माहीत होतं. म्हणूनच तर दर वेळी रक्त तपासत होतो. ती थांबवली की कावीळ बहुतेक उतरेल," ते म्हणाले. मंग माह्याकडं पाहून, आवाज न चढवता, "ताई, पण दोघांनाही आता अभ्यासातून बाहेर व्हावं लागेल. तुमच्या मिस्टरांची गोळीही आजपासून बंद."

"बाहेर विकत भेटते का साहेब? मी बांगड्या मोडीन."

"बाजारात नाही अजून. कधी येईल, येईल की नाही, तेही माहीत नाही."

मॅडम मले रागावल्या. त्याईच्या डोळ्यात पाणी होतं, म्हणून मी उलटून बोलली नाही. मागून जमनी आली होती. तिनं डॉक्टरले हिस्से समजावून सांगतले, पळसाची पानं, कलेजीचा तुकडा, सगळं. मले वाटलं डॉक्टर हसतीन. हसले नाहीत. म्हणाले, "बाई, तुमच्या तांड्याची रीत चांगली आहे. पण इथं एका पानावर कलेजी अन् दुसऱ्यावर काहीच नाही, असंच मांडावं लागतं. नाहीतर गुण कलेजीनं आला की आपोआप, हे कधीच कळणार नाही. मग हजारो माणसांना आम्ही काय द्यायचं?" जमनी विचार करत राह्यली. मंग म्हणे, "हे पहिले सांगायले पाह्यजे होतं." डॉक्टर म्हणाले, "हो. असं सांगायला पाहिजे होतं."

मी वॉर्डात गेली. भीमसिंगभाऊले समजलं होतं. त्याईनं भिंतीकडं तोंड केलं.

"भाभी, काहून सांगतलं?"

"मंग काय तुमाले मरू देऊ?"

"मी मरत नव्हतो. माह्या दोस्ताची गोळी बंद केली तुमी." त्याईचा आवाज फाटला. "एवढे महिने तो मले खरी देत होता अन् मी त्याले पीठ देत होतो. एक गोष्ट तं त्याच्यासाठी करू द्यायची होती."

"भाऊ, मले माह्या नवऱ्याचं लिव्हर पाह्यजे," मी म्हटलं. "लई पाह्यजे. पण तुमच्या जिवावर नाही पाह्यजे."

ते वळले नाहीत. मी डबा जमनीजवळ दिला अन् संध्याकाळच्या गाडीत बसली.

आर्णीले उतरली तं मिस्त्री दुकानातच होते, मांडीवर पंप उघडा. मी तिथंच, उभ्याउभ्या, सगळं सांगतलं. ते पंपातला वायसर काढत राह्यले. काढला, पुसला, पुन्हा लावला. मंग म्हणाले, "भीमसिंग वाचते ना?"

"वाचते."

"मंग बरं केलं."

म्हटलं त्याईनं, पण चेहरा उतरला तो उतरलाच. दोन दिवस जेवण नीट गेलं नाही. उरलेल्या गोळ्या डबीत भरून आणून माह्या हातात दिल्या, म्हणे नागपूरले पोहोचवून दे. मी दिल्या. फेकून देऊ नको, एखादी ठेव, असं ते म्हणाले नाहीत अन् मीही ठेवली नाही.

भीमसिंगभाऊचे डोळे हळूहळू पांढरे झाले. ते घरी आले, गाडी चालवू लागले. पण माह्याशी बोलत नसत. आमच्या दारात येत, "तारिक आहे का?" एवढं विचारत, अन् ओसरीवर न बसता मिस्त्रीले घेऊन अरुणावती नदीच्या पुलाकडं पायी जात. डॉक्टरनं म्हटलं होतं, गोळी नसली तरी चालणं अन् वजन उतरवणं आपल्या हातात आहे. रोज पहाटे दोन मोठाली पोटं त्या रस्त्यानं हलत जात, अन् मी दारातून पाहत राहो. मले वाईट वाटत होतं. एवढ्या वर्षाचा भाऊ होता तो माहा, भावावाणी नाही, भाऊच.

उन्हाळा लागला तेव्हा मिस्त्रीचा रिपोर्ट आला. मी नागपूरच्या त्याच बाकावर बसली होती. डॉक्टरनं नीट समजावलं. चरबी पुन्हा वाढली होती. कडकपणा तं आधीपेक्षाही जरासा वर. गोळीनं जे उतरलं होतं ते सगळं वापस आलं होतं. "चालणं सोडू नका, अजून वेळ गेलेली नाही," ते म्हणाले. येताना गाडीत मिस्त्री खिडकीतून बाहेर पाहत होते. यवतमाळ गेलं तेव्हा त्याईनं रिपोर्टची घडी केली, बारीक करत करत बोटाएवढी केली, अन् खिशात घातली.

"फरहाना."

लग्नाच्या इतक्या वर्षात त्याईनं माहं नाव कितीदा घेतलं ते बोटावर मोजता येईन.

"हे भीमसिंगले सांगायचं नाही."

मी त्याईच्या खिशातून बाहेर आलेलं रिपोर्टचं टोक आत सारलं.

दुसऱ्या दिवशी भीमसिंगभाऊ उजाडताच हजर. उंबऱ्यातूनच विचारलं, "काय म्हणते रिपोर्ट?"

"फर्स्ट क्लास," मिस्त्री म्हणाले. "आहे तसा. गोळीगिळी काही लागत नाही म्हणे डॉक्टर."

भीमसिंगभाऊ तसेच उभे राह्यले. मंग इतक्या महिन्यात पहिल्यांदा ते आत आले, ओसरीवर मांडी घालून बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. अन् माह्याकडं पाहून, जुन्यासारखं तोंड भरून हसले.

"भाभी, म्हणजे तुमी सांगतलं तेच बरं झालं. मी उगाच तुमच्यावर तोंड सुजवून बसलो. मले वाटत होतं, माह्यामुळं याचं वाटोळं झालं. झोप नाही लागे मले."

माह्या तोंडाले कुलूप नाही, हे आर्णीले माहीत आहे. जे मनात येते ते बाहेर पडते, मंग पुढं कोणी असो. मिस्त्री चप्पल शोधायले खाली वाकले होते, अन् चप्पल त्याईच्या पायातच होती.

"हाव भाऊ," मी म्हटलं. "बरंच झालं. आता निघा दोघं, ऊन चढून राह्यलं."